मुकादमाचा कॅमेरा

चलच्चित्रकलेचा जन्म कारखान्याच्या दाराशी झाला, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. मात्र ते दार कोणाचे होते आणि कॅमेरा कोणाचा होता, हे सांगायचे बहुधा राहून जाते. १८९५ साली फ्रान्समधील लिआँ शहरात ल्युमिएर बंधूंनी जी फीत काढली तिच्यात कामगार कारखान्यातून बाहेर पडताना दिसतात. जेमतेम पाऊण मिनिटाचा प्रसंग. बायका लगबगीने निघाल्या आहेत, कोणी सायकलवर आहे, मध्येच एक कुत्रा धावतो. कारखाना ल्युमिएर कुटुंबाचाच. तेथे छायाचित्रणाचे साहित्य बनत असे. म्हणजे मालकाने आपल्याच माणसांना आपल्याच दाराशी टिपले. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जो सहा फितींचा खेळ झाला, त्यात ही फीतही होती. मुंबईने पडद्यावर पाहिलेल्या पहिल्या माणसांत सुट्टी झालेले कामगार होते, हे गिरण्यांच्या या शहराला साजेसेच म्हटले पाहिजे.

बरोबर शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, जर्मन चित्रपटकार हारुन फारोकी यांनी कारखान्याच्या दारातील असेच प्रसंग शतकभराच्या चित्रपटांतून वेचून एक चित्रनिबंध सिद्ध केला. त्यांचे निरीक्षण साधे आणि बोचरे आहे. कॅमेरा बहुतेक वेळा दाराबाहेरच थांबतो. कथा सुरू होते ती कामगार बाहेर पडल्यावर. आतल्या आठ तासांशी चित्रपटाला कर्तव्य नसते. आतले आठ तास टिपणारा कॅमेरा होता, पण तो कलावंताचा नव्हता.

तो होता फ्रँक गिलब्रेथ यांचा. हे अमेरिकन गृहस्थ मूळचे गवंडीकाम शिकलेले. एक वीट रचताना गवंडी अठरा हालचाली करतो, त्या पाचांवर आणता येतात, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९१२ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या पत्नी लिलियन यांनी कामगाराच्या शेजारी एक शीघ्रगती घड्याळ ठेवून दोघांचे एकत्र चित्रण करण्याची पद्धत काढली. कामगाराच्या बोटाला विजेचा बारीकसा दिवा बांधावयाचा, अंधाऱ्या खोलीत त्याला काम करू द्यावयाचे आणि छायाचित्राच्या काचेवर उमटलेली प्रकाशरेषा मोजावयाची. रेषा जितकी आखूड, तितका कामगार चांगला. हाताच्या मूलभूत हालचालींना त्यांनी ‘थर्ब्लिग’ असे नाव दिले; ते म्हणजे स्वतःचेच आडनाव जवळजवळ उलटे लिहिलेले! त्या छायाचित्रांत माणूस जवळपास दिसतच नाही. काळोखात तरंगणारी एक शुभ्र रेषा तेवढी दिसते. चित्र म्हणून ती फार सुंदर आहेत, आणि त्यातच त्यांचे भय आहे.

निष्पक्षपणे एवढे मान्य केले पाहिजे की, गवंड्याच्या पाठीचा त्रास वाचावा हाही गिलब्रेथ यांच्या मनातील एक हेतू होता. परंतु वाचलेला वेळ गवंड्याला मिळाला काय? आपल्या मुंबईत ‘कार्यक्षमता’ हा शब्द कामगारांच्या कानी आला तो एका माणसाने जास्त साचे सांभाळावेत, या रूपात. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या, त्याच्या मुळाशी हेच गणित होते.

या गणिताची थट्टा करणारी चित्रफीत-कला हा आमच्या या लेखाचा विषय. गेल्या चार-पाच दशकांत जगभरच्या, आणि अलीकडे मुंबईच्याही, कलावंतांनी हजेरीचे घड्याळ, नियंत्रण कक्ष आणि कचेरीतील शिस्त यांना आपल्या कृतींत उपहासाचा विषय केले आहे. यांतील काही कृती आम्ही पडद्यावर पाहिल्या. काही दालनातच उभ्या राहून अनुभवावयाच्या असल्याने छायाचित्रांवरून व कलावंतांच्या टिपणांवरून जाणल्या. त्या सर्वांना आम्ही एकच प्रश्न विचारू इच्छितो. कॅमेरा हे मुकादमाचे हत्यार आहे. ते हाती घेऊन मुकादमाची थट्टा करणारा कलावंत स्वतः कोठे उभा आहे?

हा प्रश्न आम्हांला आंबिवलीत बसून का पडावा, असे कोणी विचारील. आमच्या शेजारी मोहने येथे नॅशनल रेयॉनचा कारखाना होता. तो २००९ साली बंद पडला. पाळीवर जाणारे वडील आणि गोदामात जाणारा मुलगा अशी जोडी आज येथे घरोघर आढळते. वडिलांची हजेरी कार्डावर होत असे. मुलगा भिवंडी-पडघ्याकडील एखाद्या गोदामात हातातल्या स्कॅनरवर दर पार्सलाला हजेरी देतो. दोन पार्सलांच्या मध्ये किती वेळ गेला हे त्याच्याआधी यंत्राला कळते. नागपूर आणि चंडीगड येथील महानगरपालिकांनी तर सफाई कामगारांच्या मनगटावर, ते कोठे उभे आहेत हे उपग्रहाच्या साहाय्याने सांगणारी घड्याळे बांधली. पूर्वी घड्याळ कामगार पाहत असे. आता घड्याळ कामगाराला पाहते. अशा वेळी या थट्टेत आमच्या माणसांना काही मिळते की नाही, हे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

आरंभ अर्थातच चॅप्लिनपासून करावा लागतो. १९३६ चा ‘मॉडर्न टाइम्स’ ही चित्रफीत-कला नव्हे, चित्रपट आहे; तथापि नंतरच्या सर्व कृतींची बीजे त्यात आहेत. कामगाराला जेवू घालणारे यंत्र, म्हणजे जेवणाच्या सुट्टीचीही बचत, हा प्रसंग सर्वांच्या स्मरणात असतो. गरगर फिरणारे मक्याचे कणीस दातांवर आपटू लागले की लहान मुलेही लोळून हसतात. आम्हांला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा, छोटा प्रसंग. कामगार शौचालयात जातो. जाताना आपले कार्ड घड्याळात घालून वेळ उमटवितो. तेथे क्षणभर सिगारेट पेटवितो, तोच भिंतीवरचा पडदा उजळतो आणि त्यातून मालकाचा भव्य चेहरा त्याला कामावर परत हाकलतो. मालक स्वतः काय करीत होता, तेही चॅप्लिनने आधीच दाखवून ठेवले आहे: आपल्या दालनात तो चित्रखंड जुळवीत आणि वर्तमानपत्रातील चित्रकथा चाळीत बसला होता.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात हा चित्रपट दाखविला, तेव्हा पाळीत आयुष्य घालविलेली चार-पाच वयस्क मंडळी पुढच्या रांगेत होती. कणसाला ती मनमुराद हसली. शौचालयाच्या प्रसंगाला मात्र तरुणच हसले. आम्हांला तेव्हा वाटले, आणि अजूनही वाटते, की या कलेचे मोल त्या दोन रांगांमधील अंतरावरून ठरवावे. जो भोगून आला आहे त्यालाही ज्या थट्टेत वाटा मिळतो, ती खरी थट्टा, बाकीची करमणूक. चॅप्लिन या कसोटीस उतरतो, कारण त्याचा कॅमेरा शौचालयात कामगाराबरोबर शिरतो. मालकाचा चेहरा आपण कामगाराच्या बाजूने पाहतो.

चॅप्लिननंतर चव्वेचाळीस वर्षांनी न्यू यॉर्कमध्ये एका माणसाने हीच थट्टा, एकदाही न हसता, स्वतःच्या देहावर केली. ताइवानमध्ये जन्मलेले तेहचिंग शिये हे १९७४ साली जहाजावरचे खलाशी म्हणून अमेरिकेला आले आणि तेथेच, कागदपत्रांवाचून, राहिले. ११ एप्रिल १९८० रोजी त्यांनी आपल्या कामाच्या खोलीत कारखान्यातले हजेरीचे घड्याळ बसविले आणि जाहीर केले की, आजपासून एक वर्ष, दिवसा आणि रात्री, दर तासाला मी येथे कार्ड उमटवीन. आरंभी डोके मुंडून घेतले. अंगावर करड्या रंगाचा कामगाराचा गणवेश. दर वेळी कार्ड उमटविले की शेजारच्या कॅमेऱ्याने एकच चौकट टिपावयाची. वर्षाचे तास होतात ८,७६०. त्यांतले १३३ हुकले, आणि त्यांचाही चोख हिशेब त्यांनी ठेवला आहे: ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा घाई झाली. सर्व चौकटी जोडून जी फीत झाली ती सुमारे सहा मिनिटांची. वर्षभराचा माणूस सहा मिनिटांत! घड्याळाचे काटे गरगरतात, मुंडलेल्या डोक्यावर केस वाढत वाढत खांद्यावर येतात, देह जागच्या जागी थरथरतो. एवढेच.

या कृतीत काम कोठे आहे? काहीच नाही. हजेरी आहे आणि काम नाही. मालकही तेच, कामगारही तेच. नियमाला विरोध नाही, घोषणा नाही, संप नाही. उलट कोणत्याही मालकाने स्वप्नातही अपेक्षिली नसेल इतकी आज्ञाधारकता आहे. आणि त्या आज्ञाधारकतेच्या अतिरेकातूनच नियमाचे पोकळपण उघडे पडते. ज्या देशाच्या कायद्याने त्या माणसाला राहण्याची परवानगी दिली नव्हती, त्या देशात तो दर तासाला आपण हजर असल्याचा पुरावा निर्माण करीत होता, हा उपरोध तर केवळ अपूर्व आहे. आमच्या मते या प्रांतातील ही सर्वश्रेष्ठ कृती होय. शिये यांनी कॅमेरा मुकादमाकडून काढून घेतला नाही. तो तसाच चालू दिला आणि त्याच्यासमोर स्वतः उभे राहिले. पाहणारा मात्र अस्वस्थ होतो, कारण मुकादमाच्या खुर्चीत आता तो बसला आहे.

सेमिनरीत घंटेवर उठण्या-झोपण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना ही फीत पाहताना आणखी एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. तासांनी दिवस बांधण्याची रीत युरोपला कारखान्यांनी नव्हे, मठांनी शिकविली, असे इतिहासकार म्हणतात. तेव्हा हजेरीच्या घड्याळाचे पितृत्व काही अंशी आमच्याकडेच येते. परंतु सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत उशिरा येणाऱ्यांविषयी जे प्रकरण आहे, ते मोठे मार्मिक आहे. रात्रीच्या प्रार्थनेला उशीर करणाऱ्यास शेवटी उभे करावे, असे ते सांगते. पण त्याच वाक्याच्या पोटात अशीही सूचना आहे की, आरंभीचे स्तोत्र मुद्दाम संथपणे, लांबवीत म्हणावे, म्हणजे झोपेतून धडपडत येणाऱ्याला गाठता येईल. शिये यांच्या १३३ हुकलेल्या तासांना असे संथ स्तोत्र मिळाले नाही. गोदामातील स्कॅनरलाही ते ठाऊक नाही. नियम दोन्हीकडे आहे. उशीर होणाऱ्या देहाचा विचार एकीकडेच आहे. शिये यांचे वर्ष एप्रिल १९८१ मध्ये संपले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोप जॉन पॉल दुसरे यांचे श्रमविषयक परिपत्रक निघाले. श्रमाचे मोल त्यातून काय निपजले यावरून नव्हे, तर तो करणारा माणूस आहे यावरून ठरते, हा त्याचा गाभा. दोघांना एकमेकांची वार्ताही नसावी. तरीही दोघे एकाच गोष्टीभोवती फिरत होते.

फिनलंडच्या पिल्वी ताकाला यांची २००८ ची ‘द ट्रेनी’ ही कृती आजकाल फार वाखाणली जाते. तिच्याविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. डेलॉइट या हिशेबतपासनिसांच्या मोठ्या कंपनीत ताकाला महिनाभर उमेदवार म्हणून राहिल्या. खरा प्रकार कंपनीतील अगदी थोड्यांना माहीत होता. प्रथम त्या नेहमीसारख्या वागल्या. मग त्यांनी काहीही न करता टेबलाशी बसून राहावयास आरंभ केला. संगणक बंद, हात मांडीवर. विचारले तर म्हणावयाचे, विचार करते आहे. एक सबंध दिवस त्या लिफ्टमध्येच वर-खाली करीत राहिल्या. सहकारी आधी हसतात, मग कुजबुजतात, मग वरिष्ठांना पत्रे लिहितात. मौज अशी की, त्याच कचेरीत संगणकासमोर बसून वेळ काढणारा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. वेळ काढण्याचे सोंग न करता नुसती बसलेली मुलगी मात्र सर्वांना असह्य होते. कामाहून कामाचा देखावा महत्त्वाचा, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल. मार्थेची धांदल आणि मरियेचे नुसते बसणे आपल्या वाचकांना शुभवर्तमानातून परिचित आहे. येथे मरियेला वरिष्ठांकडे खेचले जाते, एवढाच फरक.

मग आक्षेप कशाला? आक्षेप कॅमेऱ्याला आहे. तो लपविलेला आहे. ज्यांना आपण पाहत आहोत त्या कारकून मंडळींना आपण पाहिले जात आहोत हे ठाऊक नाही. थट्टा व्यवस्थेची करावयाची होती. पडद्यावर दिसते ती, हाताखालच्या माणसाचे काय होईल या काळजीने गोंधळलेली, अगदी साधी माणसे. संचालकांची गोची कोठेच झालेली नाही; त्यांनी तर परवानगी दिली होती! चॅप्लिनच्या शौचालयातील पडदा येथे कलावंताने स्वतःच बसविला आहे, असे म्हटले तर ते कठोर होईल, पण खोटे होणार नाही.

आता मुंबईकडे वळू. आशीम अहलुवालिया यांचा ‘जॉन अँड जेन’ हा २००५ सालचा माहितीपट मुंबईतील सहा कॉल सेंटर कर्मचाऱ्यांविषयी आहे. रात्रभर अमेरिकेतील गिऱ्हाइकांशी बोलावयाचे, दिवसा झोपावयाचे. प्रशिक्षणवर्गात अमेरिकन उच्चारांबरोबर अमेरिकन जीवनाची स्वप्नेही शिकावयाची. एक जण या सगळ्याला शिव्या घालतो, एकाला लक्षाधीश होण्याचा ध्यास आहे. चित्रपट जसजसा पुढे जातो तसतशी माणसे त्या स्वप्नात अधिकाधिक विरघळत जातात, आणि शेवटी केस सोनेरी केलेली एक तरुणी आपले गोरेपण जणू जन्मजात असल्यासारखे बोलू लागते. दिग्दर्शक एका शब्दानेही टोमणा मारीत नाही. रात्रीची रिकामी मुंबई, काचेच्या इमारती, निळसर उजेड. विज्ञानकथेतील एखाद्या ग्रहावर आल्यासारखे वाटते. उपहास आहे तो या शांतपणात.

आमच्या समाजाने हा माहितीपट विशेष लक्षपूर्वक पाहावा, आणि त्याचे कारण नावांत आहे. त्या सहा जणांना आपण कामावरच्या नावांनी ओळखतो. मुंबईच्या कोणत्याही धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत सहज सापडतील अशी ती नावे आहेत. आपण जे नाव पाण्याने आणि तेलाने, आईबापांच्या आणि धर्ममातापित्यांच्या साक्षीने, एका संताच्या ओळखीने ठेवतो, ते येथे गळ्यातल्या ओळखपत्रासारखे पाळीच्या आरंभी चढविले जाते आणि सकाळी उतरविले जाते. ज्यांची नावे मुळात वेगळी आहेत त्यांना निदान घरी गेल्यावर स्वतःचे नाव परत मिळते. आमच्या मुलांचे काय? २००० नंतरच्या दशकात वसई, मालाड, कल्याणकडची आमची कितीतरी मुले या रात्रपाळीत गेली. इंग्रजी बरे आणि नाव तयार, म्हणून त्यांना मागणी होती. त्यांना टोपणनावाची गरजच पडली नाही. त्यांचे खरे नावच हत्यार बनले. त्यांना घरी परतल्यावर उतरवून ठेवावयास काही उरले नाही. या प्रश्नाकडे दिग्दर्शकाने पाहिलेले नाही, त्याचा तो विषयही नव्हता. पण त्याच्या चौकटींत तो दिसतो खरा. अहलुवालियांचा कॅमेरा माणसांच्या घरी, बिछान्यापाशी जातो, त्यांच्या देखत चालतो, आणि त्यांना मूर्ख ठरवीत नाही. चित्रे अतिसुंदर झाली आहेत, हा मात्र दोष म्हणावा लागेल; गिलब्रेथच्या प्रकाशरेषेची आठवण व्हावी इतकी.

शिल्पा गुप्ता यांच्या २००४ च्या एका कृतीत पडद्यावर लष्करी छापाचे कपडे घातलेल्या, सारख्याच चेहऱ्याच्या तरुणी उभ्या आहेत. चेहरा कलावंतीचा स्वतःचा. प्रेक्षकाने माउसने एकीवर टिचकी मारावी, की ती पुढारी होते आणि बाकीच्या तिच्यामागोमाग कवायत करतात. दुसरीवर मारली की दुसरी. प्रथम गंमत वाटते. मग लक्षात येते की, आपण दहा मिनिटे माणसांना नाचवीत उभे आहोत आणि हात थांबत नाही. त्याआधी, २००३ मध्ये, त्यांनी लंडनच्या टेट संग्रहालयासाठी संगणकाच्या जाळ्यावरील एक कृती केली होती. तिच्यासाठी संगणक जोडणारी तार वेगवेगळ्या धर्मांच्या पूजास्थानी नेऊन आशीर्वादित करून आणली, आणि त्या तारेवाटे आशीर्वाद घरपोच! आमच्या व्यवसायाची ही थट्टा आम्ही हसून स्वीकारतो. वाहनांना, दुकानांना आणि संगणकांना पवित्र पाणी शिंपडणाऱ्यांनी रागावण्याचे कारण नाही.

तुषार जोग यांचाही उल्लेख येथे केला पाहिजे, जरी त्यांचे हत्यार कॅमेरा नव्हते. १९६६ साली जन्मलेल्या व २०१८ साली अकाली निधन पावलेल्या या कलावंताने ‘युनिसेल’ नावाची एकमाणसी सार्वजनिक बांधकाम संस्था काढली आणि शहराच्या दुखण्यांवर सरकारी थाटात उपाय सुचविले. लोकलच्या गर्दीत प्रवाशाने स्वतःला अडकवून घेण्याची साधने हा त्यांतलाच एक. कसारा लाइनवर रोज जाणाऱ्यांना त्याचे स्पष्टीकरण नको. गर्दी कमी करणे नव्हे, तर माणसालाच गर्दीसाठी अधिक कार्यक्षम करणे, ही नियोजनाची खरी वृत्ती त्यांनी नेमकी पकडली. आंबिवलीच्या फलाटावर हे हास्य ताबडतोब कळेल, चॅप्लिनच्या कणसासारखे.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्यांच्याकडे येतो. ‘कॅम्प’ हा गट २००७ साली मुंबईत स्थापन झाला. शायना आनंद आणि अशोक सुकुमारन हे त्याचे प्रमुख. खारच्या चुईम गावठाणात त्यांनी बिऱ्हाड केले, म्हणजे आपल्या ईस्ट इंडियन बांधवांच्या शेजारातच. या मंडळींनी पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्याची थट्टा करण्याऐवजी तो कॅमेराच चालवावयास घेतला. २००८ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे त्यांनी सामान्य नागरिकांना पाळतीच्या नियंत्रण कक्षात नेऊन बसविले. ज्यांना रोज पाहिले जाते ते पडद्यांसमोर बसले आणि पाहणाऱ्या नोकराशी गप्पा मारू लागले. तोही एक पगारी माणूसच, रात्रपाळीने डोळे ताठलेला! पुढच्या वर्षी जेरुसलेमच्या पूर्व भागात पॅलेस्टिनी कुटुंबांच्या घरांवर असा कॅमेरा लावला आणि त्याची कळ घरच्यांच्या हाती दिली. ती मंडळी तो फिरवितात, जवळ आणतात, आणि आपसांत बोलत राहतात. शेजाऱ्यांवर नव्याने कोण येऊन बसले, पूर्वी येथे कोण राहत असे. पाळतीच्या यंत्रातून प्रथमच आठवणी ऐकू येतात.

२०२२ च्या ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’मध्ये त्यांनी हे मुंबईत केले. मध्य मुंबईतील एका उंच इमारतीवर बसविलेला एकच कॅमेरा, त्याने टिपलेली दृश्ये, आणि ती दाखविणारे सात पडदे. नजर आकाशातून, काचेच्या मनोऱ्यांवरून सरकत खाली झोपड्यांच्या छपरांपर्यंत, माणसांपर्यंत येते. सोबतच्या संगीतात आपल्या विद्रोही शाहिरीचे सूर मिसळलेले आहेत. कोचीच्या कलामहोत्सवात ही कृती प्रथम गाजली आणि २०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात या गटाचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. ज्या उंचीवरून मालक पाहतो त्याच उंचीवरून आरंभ करून कॅमेऱ्याला मान खाली घालावयास लावणे, ही कल्पना आम्हांला फार मोलाची वाटते. मराठी कवितेतही यंत्रयुग दोन ठिकाणांहून पाहिले गेले: मर्ढेकरांनी मध्यमवर्गीयाच्या विषण्णतेतून आणि गिरणीत स्वतः राबलेल्या सुर्व्यांनी आतून. ‘कॅम्प’चा कॅमेरा आतला नाही, गिरणगाव पाडून उभ्या राहिलेल्या उंचीवरचाच तो आहे. परंतु त्याला आपण कोठे उभे आहोत हे ठाऊक आहे, आणि तो ते लपवीत नाही.

आतून पाहणारा कलावंत कोण, असे विचारल्यास आम्ही अमोल के. पाटील यांचे नाव घेऊ. आजोबा पोवाडे गाणारे, वडील मुंबई महानगरपालिकेत नोकरी करून नाटके लिहिणारे. २०२२ साली जर्मनीतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनात त्यांनी ‘ब्लॅक मास्क्स ऑन रोलर स्केट्स’ ही कृती सादर केली. तिचे बीज मुंबईच्या सफाई कामगारांच्या जीवनात आहे आणि शीर्षकातच चाकांचे बूट आहेत. झाडूवाल्याच्या पायांना चाके! कार्यक्षमतेच्या तज्ज्ञाला हे ऐकून आनंदच होईल, गिलब्रेथने तर लगेच फीत काढली असती. पण चाकांवरचा माणूस रेषेत जात नाही, तो गिरक्या घेतो, त्याच्याबरोबर गाणे असते. मनगटावरच्या उपग्रहाच्या घड्याळाला ती गिरकी कशी दिसत असेल? पडद्यावरचा ठिपका थोडा हलला, एवढेच.

आमच्या तरुणांनी या कृतींपैकी आधी काय पाहावे, असे काही वाचक विचारतील. ‘मॉडर्न टाइम्स’ सहज मिळतो, आणि तो आजी-आजोबांसह पाहावा. ‘जॉन अँड जेन’ मिळविण्यास थोडे कष्ट पडतात, ते घ्यावेत. रात्रपाळी केलेल्या कोणाला शेजारी बसवून पाहिल्यास अधिक चांगले. शिये यांची सहा मिनिटे एकट्यानेच पाहावीत, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा.